डीप फ्रीझरमधला हिमालय

आमच्या खैतानच्या फ्लॅटमध्ये एक डीप फ्रीझर आहे. आडवा, पेटीसारखा, जेवणाच्या टेबलामागे भिंतीला लावून ठेवलेला. कुवेतमधल्या कोकणी बाईला आधी फ्रीझर लागतो, सोफा-बिफा मग. त्यात वरच्या थरात खवलेला नारळ, आमरसाचे डबे आणि मटार. तळाशी बांगडे, सुरमई, कोलंबी. मी रत्नागिरीकडची. माशाशिवाय आठवडा गेला की मला गरगरतं, आणि हे मी इथल्या डॉक्टरलाही सांगून बसले आहे. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

पण सासरे येणार म्हटलं की या फ्रीझरला सोवळं नेसवावं लागतं. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. लातूरकडच्या एका गावातले, भूगोलाचे निवृत्त मास्तर, गळ्यात तुळशीची माळ. माझ्या लग्नाला रत्नागिरीत आले ते घरचा पाण्याचा कॅन घेऊनच. मांडवात सगळे कोकम सरबत पीत होते आणि अप्पा एका कोपऱ्यात आपल्या कॅनमधलं कोमट पाणी पीत होते. ज्या घरात मासळी शिजते तिथलं पाणी ते घेत नाहीत. कुणाला टाकून बोलत नाहीत, नाक मुरडत नाहीत, हसून दोन गोष्टी करतात आणि पाण्याचा पेला तसाच परत जातो. माझी आई त्या दिवशी माजघरात जाऊन रडली होती. ते मी विसरलेले नाही.

"तिनं सोडलंय आता सगळं," असं माझ्या नवऱ्यानं तेव्हा अप्पांना ठोकून दिलं. मी काय सोडतेय! उलट वर्षाच्या आत त्यालाच लावलं. आता तो बांगडा असा खातो की काट्याकडे मांजरानंही ढुंकून बघू नये. पण अप्पांपुढे तो अजूनही जुना वरण-भातवाला. मला त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, "त्यांना कळलं तर आपल्या घरचं पाणी पिणार नाहीत. आणि पाणी न पिता कोण किती दिवस राहील?" सासूबाई गेल्यापासून अप्पा गावी एकटे. त्यात उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी टँकर. त्यांनी यावं, चार महिने आमच्यात राहावं, असं मलाही मनापासून वाटायचं. म्हणून ही सगळी सोंगं.

या वेळी ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. येण्याआधी तळातली सगळी मासळी मी वरच्या मजल्यावर भाभींकडे हलवली. भाभी राजापूरकडच्या, त्यांच्या नवऱ्याचं इथं दुकान आहे. "तुमचे सासरे आले की आमच्या फ्रीझरला बरकत येते बघा," म्हणाल्या. मग मी अधूनमधून 'भाभींना वाटीभर भाजी देऊन येते' म्हणून वर जायचे आणि लवंग चघळत खाली यायचे. नवरा आठवड्यातून दोनदा भाभींचा नळ दुरुस्त करायला जायचा. नळ ठणठणीत होता.

अप्पांना यातलं काही कळत नव्हतं, कारण त्यांचं सगळं लक्ष पाण्याकडे. नदी नाही, धरण नाही, विहीर नाही, आणि नळ सोडला की धो धो! आल्या दिवशीच त्यांनी मला समुद्राचं पाणी गोडं कसं करतात ते सविस्तर सांगितलं. मी इथं इतकी वर्षं राहते, मला कुणी विचारलंही नव्हतं. एसीच्या नळीतून टपटप पाणी पडतं त्याखाली त्यांनी बादली लावली आणि ते पाणी कुंडीतल्या तुळशीला घालायला लागले. एक दिवस थंडचा नळ सोडून हात भाजून घेतला. मग मी समजावलं, की उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते, म्हणून थंडच्या नळाला कढत पाणी येतं. आम्ही गीझर बंद ठेवतो आणि गरमच्या नळानं अंघोळ करतो. गीझरमधलं पाणी घरातल्या घरात गार झालेलं असतं ना!

"म्हंजे गारसाठी गरम अन् गरमसाठी गार?" अप्पा लहान मुलासारखे हसले. "लई भारी मुलूख आहे बघ."

आमची लेक सातवीत. जन्म इथला. मराठी समजतं सगळं, पण उत्तर इंग्रजीतून. सुट्टी लागायच्या आधी तिचा एक पेपर होता आणि त्यात धडा कसला, तर थंड प्रदेशातला बर्फ, तो वितळून होणाऱ्या नद्या आणि पाण्याचं चक्र. बाहेर रस्त्यावर चप्पल चिकटतेय आणि आत हिच्या पुस्तकात हिमवर्षाव! अप्पांना मात्र हर्ष झाला. चष्मा पुसून बसले.

"लिही," म्हणाले. "भौगोलिक कारणे लिहा. हिमालयातील नद्या बारमाही असतात."

मराठी शाळेत शिकलेल्या कुणीही हे वाक्य ऐकावं आणि पाठ ताठ करून बसावं. मी स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता ताठ झाले. अप्पा सांगत होते, "पाऊस येतो अन् निघून जातो. त्याला थांबायला जागा नसती. बर्फ थांबतो. हिवाळाभर डोंगर पाणी धरून बसतो अन् उन्हाळ्यात, सगळ्याला नड असती तेव्हा, थोडं थोडं सोडतो. म्हणून गंगा जेठात वाहती अन् आपली मांजरा नदी कोरडी पडती."

लेकीनं पेन्सिल खाली ठेवली. "आजोबा, हॅव यू एव्हर सीन स्नो?"

"नाही बा."

"देन हाऊ डू यू नो?"

तिच्या मनात काही नव्हतं. इथल्या पोरांना प्रश्न म्हणजे नुसता प्रश्न. पण अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढून ठेवला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "तुज्या टीचरला इचार. त्यांनी बगितला आसंल." एरवी ते जरा सांभाळून बोलतात. मन दुखावलं की सगळा गाव बाहेर येतो.

दुसऱ्या दिवशी चहाला बसल्या बसल्या नवऱ्याला म्हणाले, "अलीकडचं तिकीट मिळतंय का बघ. गावाकडं घर बंद पडलंय." आणि आमचे हे! "बघतो," म्हणाले आणि मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत शिफ्टला निघून गेले. बघतो काय, बघतो? अरे, विचार तरी का म्हणून! मला बापलेकांचा असा संताप आला. लेकीला मी झापलं, "जिभेला काही हाड?" तर ती म्हणाली, "आय जस्ट आस्क्ड!" तेही खरंच होतं.

जन्मभर ज्या माणसानं खडूनं फळ्यावर हिमालय काढला, त्याला बर्फ दाखवायचा कुठून? विचार करता करता फ्रीझर उघडला मटारासाठी, आणि आतल्या भिंतींवर वीतभर हिम साचलेलं दिसलं. कित्येक महिने मी तो खरवडला नव्हता. आळसाचंही कधी कधी पुण्य लागतं.

शुक्रवारी सुट्टी, इथं आठवडा रविवारी सुरू होतो. नवरा शिफ्टला. दुपारचं जेवण झाल्यावर मी लाकडी उलथणं घेतलं आणि फ्रीझरमध्ये कंबरेपर्यंत वाकले. भुसभुशीत, पांढरं, असं खरवडून दोन पातेली भरली. तळाच्या कोपऱ्यात बर्फाचं एक मोठं ढेकूळ भिंतीला धरून बसलं होतं. दोन दणके दिले तसं सुटलं. पांढरंधोप, खाली रुंद, वर निमुळतं. म्हटलं, वा, हे तर आयतं शिखर! ते आयतं कशामुळे झालं, असा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

मोठ्या परातीत आणखी दोन रिकामी पातेली पालथी घातली, वरून फॉइल चेपून दऱ्या केल्या. एकावर खरवडलेलं हिम थापलं आणि माथ्यावर ते शिखर बसवलं. दुसरं उघडंच ठेवलं. दोन्हींच्या पायथ्याशी एकेक थाळी, म्हणजे समुद्र. परात खिडकीपाशी उन्हात ठेवली आणि हाक मारली, "अप्पा, जरा बाहेर या. बर्फ पडलाय."

अप्पा आले आणि दारातच थांबले. मग खाली बसले, मांडी घालून. बोटानं हिम उचललं, तळहातावर घेतलं, त्याचं पाणी होऊन मनगटावरून ओघळलं तरी बघत राहिले. "असा असतो होय," एवढंच म्हणाले. पुढच्या क्षणी मास्तर जागे झाले. "पोरीला बोलीव. वही घिऊन ये म्हणावं."

लेक आली आणि फतकल मारून बसली. अप्पांनी आधी उघड्या डोंगरावर तांब्याभर पाणी ओतलं. "हा सह्याद्री. हा पाऊस." पाणी फॉइलवरून सर्रकन घसरलं, थाळी भरली, संपलं. डोंगर कोरडा ठणठणीत. "आता मे महिना. दे पाणी!" लेक हसायला लागली. "आता हिकडं बघ." हिमालयाच्या दरीतून बारीकशी धार निघाली होती. थेंब, थेंब, मग धार. कुणी ओतत नव्हतं तरी वाहत होती. "पाणी तेवढंच. पण हा धरून ठिवतो. समजलं?"

"लाइक सेव्हिंग्ज," लेक म्हणाली.

"तसंच कायतरी." मग त्यांनी तिला खिडकीच्या पट्टीवरची धूळ आणायला लावली. धुळीची इथं काय कमी! वादळ आलं की बंद खिडकीतूनसुद्धा आत येते. "एका बाजूला टाक. स्वच्छ बर्फ ऊन परतवून लावतो. मळका बर्फ ऊन पितो. मग आधी कुठली बाजू वितळंल, सांग?" लेकीनं माझ्या समोरची बाजू निवडली, शिखरासकट, आणि सढळ हातानं धूळ पेरली.

अप्पांचं म्हणणं खरं ठरलं. ती बाजू भराभर उतरायला लागली. मी कौतुकानं बघतेय तोच शिखराच्या बर्फात मला निळसर काहीतरी दिसलं. निळं, हिरवं, त्यावर काळ्या रेघा. या रेघा मी आईच्या दुधाबरोबर ओळखायला शिकले आहे. कधीतरी पिशवीतून निसटून तळाशी पडलेला एक अख्खा बांगडा, त्याच्यावर महिनोन् महिने हिम चढलेलं. आणि मी तो नेऊन हिमालयाच्या डोक्यावर बसवला होता!

मी पातेल्यात उरलेलं मूठभर हिम उचललं आणि थाप मारली शिखरावर. "हिमवृष्टी झाली, अप्पा!"

"बरोबर!" अप्पा खूष. "लिहून घे गं. वरून भर पडत राहिली तरच हिमनदी टिकती."

जरा वेळानं शेपटीचं टोक. मी पुन्हा हिमवृष्टी. पुन्हा टोक, पुन्हा हिमवृष्टी. लेक म्हणाली, "ममा, व्हाय डू यू कीप पुटिंग?" मी म्हटलं, "हिवाळा मोठा असतो तिकडे." पण पातेलं किती पुरणार! हिवाळा संपला, उन्हाळा सुरू झाला आणि बघता बघता शेपटी दोन बोटं वर आली.

"आजोबा, लुक! फॉसिल!"

"हो हो, फॉसिलच ते," मी म्हटलं. "हिमालय आधी समुद्राखाली होता ना, अप्पा? तुम्हीच सांगितलंत."

अप्पांनी चष्मा लावला. वाकले. बोटानं शेपटीला स्पर्श केला, ते बोट नाकाशी नेलं. "जीवाश्माला वास नसतो, सूनबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरात शिजतं?"

"हो, अप्पा."

"तो पण खातो?"

शपथ होती. पण त्या नजरेपुढे मला खोटं बोलता येईना. "हो."

अप्पा उठले, हात धुतले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांच्या जागेपाशी पिण्याच्या पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र, तसंच राहिलं. मी तिथंच बसून रडले. शरमेनं रडले आणि रागानंही. मासा खाणं हा काही गुन्हा नाही. माझ्या बापानं कोकणात त्यावरच घर चालवलं. आणि तरी मी माझ्याच घरात लवंगा चघळत फिरत होते.

संध्याकाळी नवरा आला. परातीत डोळा मारत असलेला बांगडा बघितला आणि त्याच्या हातातली किल्ली खाली पडली. "हे काय करून ठेवलंस?"

"मी?" मी कुजबुजत ओरडले. "इतकी वर्षं कुणी करून ठेवलंय? दुपारपासून ते आत आहेत. पाण्याचा थेंब मागितलेला नाही. बाहेर भट्टी पेटलीये आणि तुझे वडील आत कोरडे बसलेत. जा, बोल."

तो दारापर्यंत गेला, हात वर केला आणि परत आला. वडिलांच्या दारावर थाप मारायची हिंमत त्याला पंचेचाळिशीतही नाही. शेवटी लेकच उठली, वही छातीशी धरून. तिनं सरळ ठोठावलं. "आजोबा, संडेला टेस्ट आहे माझी. धडा फिनिश नाही झाला."

परीक्षा तोंडावर आलेल्या पोरानं हाक मारली आणि मास्तर उठला नाही, असं अप्पांच्या हातून होणार नव्हतं. कडी निघाली. ओठ सुकलेले होते. लेकाकडे बघितलंही नाही. परातीसमोर येऊन बसले. बर्फ जवळजवळ संपला होता, पण दरीतून अजून एक बारीक रेघ थाळीत उतरत होती.

"कुठवर आलो होतो?"

"रिव्हर समुद्रात गेली."

"म्होरं?"

"मग ऊन. मग वाफ. मग क्लाउड. मग डोंगरावर जाऊन परत स्नो." लेक थांबली. तिनं बांगड्याकडे बघितलं, मग अप्पांकडे. "पण आजोबा, समुद्रात तर फिश असतात."

"असतात."

"मग क्लाउड फिशच्या घरातूनच येतो ना? मग स्नो पण. मग गंगा पण."

ही पोरगी आता अजून काय बोलते! तिनं तांब्याकडे बोट केलं. "आणि हे तर डायरेक्ट समुद्राचं. तुम्हीच ममाला एक्सप्लेन केलं होतं."

केलं होतं खरं. पण धड्यातलं पाणी आणि तांब्यातलं पाणी त्यांनी कधी एकत्र आणलं नव्हतं. अप्पा त्या तांब्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्याला हलकेच झटका बसला. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते.

"दोन महिने झाले," म्हणाले, "समुद्रच पितोय की मी." आणि मग हसू थांबलं. लेकाकडे वळले, पहिल्यांदाच. "तू काय खातोस त्याचं मला काही नाही रे. मी माळ घातलीये, तू नाही घातलीस. पण पंधरा वर्षं माझ्यासमोर बसून वरण-भात खाल्लास अन् पोट भरल्याचं सोंग केलंस. बापाला पाव्हण्यासारखं वागवलंस. त्याचं लागलं."

नवरा तसाच कामाच्या कपड्यांत खाली बसला, बापाच्या शेजारी, मान घालून. "चुकलं, अप्पा," म्हणाला. "तुम्ही येणं बंद कराल म्हणून भीती वाटायची."

अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, पाणी दे."

मी तांब्या उचलायला गेले. "ते दुपारचं," म्हणाले. "ताजं आण. तुज्या हातचं." मी स्वयंपाकघरात गेले आणि पहिला पेला अर्धा ओट्यावरच सांडला. मला मांडवातला तो कॅन आठवत होता आणि माजघरातली आई. आज ती असती तर मी तिथल्या तिथं फोन केला असता. पेला भरून आणला. अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग रिकामा पेला माझ्यापुढे धरला, म्हणजे अजून एक.

नवऱ्यानं घसा खाकरला. "अप्पा, ते तिकीट..."

"तिकिटाचं राहू दे," अप्पा म्हणाले. "आधी ते शिखर उचल हितनं. वास सुटलाय."